बारावा दिवस

पहिल्या दिवशी एक औषध घातलं.
तिसऱ्या दिवशी दुसरं, पहिल्याला पुरे म्हणणारं.
सातव्या दिवशी निम्म्या पेशी मेल्या,
आठव्या दिवशी हेस्कॉमची लाईट गेली
आणि मी जनरेटरच्या खोलीकडं अनवाणी पळाले.
रविवारी खानापुरात मामेबहिणीची हळद,
आणि मी इथं नेहरूनगरात, तिसऱ्या मजल्यावर,
कोकम सरबताच्या रंगाचं पाणी
थेंबाथेंबानं बदलत.

पेशी कुणाच्या? नमुना सात.
म्हणजे भरमाणा मुतगेकर, बसडेपोतले मेकॅनिक.
संमतीचा कागद कन्नडमध्ये होता आणि इंग्रजीत.
मी मराठीत वाचून दाखवला,
'मूळपेशी'ला अडखळले.
ते म्हणाले, सही कुठं करायची तेवढं सांग की.

त्यांच्या नळीभर रक्ताला आम्ही मागं नेलं,
आपण रक्त आहोत हे ते विसरेपर्यंत,
जिथून हाड, कातडी, डोळा, काहीही होता येतं
अशा तिठ्यावर.
मग एकाच वाटेला लावलं.

बाराव्या दिवशी सकाळी शिवलीला ओरडली,
"अक्का, बडियाकत्तैति नोड्री!"
भिंगाखाली एक कोपरा हलत होता,
तांदळाच्या कणीहून लहान.
पलीकडं दुसरा, आपल्याच तालात.
संध्याकाळपर्यंत मधली जागा भरली
आणि दोघं एकदम उडायला लागले.
आधी कोण कुणाकडं सरकलं, कळलं नाही.
ना मेंदू, ना नस, ना वरून कुणाचा हुकूम.

बाराव्या दिवशी बारसं असतं.
बारावंही असतं.
कुंदा आणावा की नको, ठरेना.

भरमाणा आले हात धुऊन,
तरी नखांत ग्रीस होतंच.
भिंगाला डोळा कसा लावायचा, शिकवावं लागलं नाही.
एक हात आपसूक छातीवर गेला.
दोन्हीचा मेळ नव्हता.
"हे हळू चाललंय," म्हणाले.
बराच वेळ गप्प.
मग, "मिसिंग मारतंय."

पाच ठोके, एक रिकामी जागा,
मग घाईघाईनं सहावा.
मी हेच आठवडाभर आलेखात शोधणार होते.
हाच दोष हवा होता आम्हाला,
याच्यासाठीच तर रक्त घेतलं.
जमलं, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

"परशा म्हणायचा,"
ते भिंगावरून न उठता बोलले,
"खो-खो खेळून आला की म्हणायचा, आबा,
जिन्यात एक पायरी कमी असल्यागत होतंय.
मी म्हटलं, खाऊन जात जा."

खाली रस्त्यावर टमटमवाला
हिंडलग्याची गिऱ्हाईकं हाकारत होता.

"किती दिवस चालतंय हे?"
सांभाळलं तर सहा महिने. जास्तही.
"आणि सुट्टीदिवशी?"
मी येते.

त्यांनी मान हलवली.
खिशातून रुमाल काढला
आणि भिंगाची काच पुसली,
दुसऱ्याचं हत्यार परत करताना
पुसून देतात तशी.