जॅकेटावरची अक्षरं

सोमवारी संध्याकाळी मी स्केल्बी टाउनचा चिखल भिजत घालते.
चौदा शर्ट, चौदा चड्ड्या, सत्तावीस मोजे,
अठ्ठाविसावा कुठे जातो ते देव जाणे.
आधी थंड पाणी. गरम पाण्यात चिखल हट्टाला पेटतो.

वर, बारच्या माळ्यावर, कमिटी बसली आहे.
लेन ऑस्टविकला ठेवायचं की घालवायचं.
नऊ सामने, एक बरोबरी, बाकी सगळी हार.
तक्त्यात आमच्याखाली एकच संघ,
तोही एक सामना कमी खेळलेला.
खुर्च्या सरकतात, छतातून आवाज झिरपतो.
हॉरेस मंबी खजिनदार, तो आकडे वाचतोय.
आकडे खरेच आहेत.

मला कोणी विचारत नाही. विचारू नये, पगारच नाही मला.
पण पाणी कुठे मुरतंय ते
धुणारीला आधी कळतं.
नऊ नंबरची चड्डी तीन आठवडे
जशी दिली तशी परत येते आहे, घडीसकट.
तीन नंबरचा डॅरिल गोदामात रात्रपाळी करून येतो,
त्याचा शर्ट मात्र दोनदा पिळावा लागतो,
वर खाडीच्या कडेचा तो काळा गाळ
नखांत आठवडाभर राहतो.

मी ऑस्टविकला म्हटलं होतं, बॉयलरपाशी, ऑक्टोबरात:
नववा पळत नाहीये.
तो म्हणाला, माहीत आहे, विनी.
बायको गेलीय त्याची, घरही गेलंय.
शनिवारचे दोन तास सोडले तर
त्याला जायला जागाच उरली नाही.
हे कारण झालं का?
मी त्या रात्री फार वेळ इस्त्री करत बसले.
मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकरा मॅनेजर धुतलेत मी.
एक फळ्यावर बाण काढायचा, इतके, की गोल कुठे तेच दिसेना.
एक रॅफलचे पैसे घेऊन ग्रिम्सबीच्या बसमध्ये बसला.
एकाने माझ्यासमोर रडून घेतलं
आणि पुढच्या शनिवारी ओळख दाखवली नाही.
ऑस्टविक मिनीबस स्वतः चालवतो,
गोठलेल्या मैदानात पहाटे काटा खुपसत फिरतो,
आणि मोजे सुलटे करून देतो.
अकरांत हा एकच.
मोज्यांवर गुण मिळत असते तर
आम्ही कधीच वरच्या लीगमध्ये असतो.

आणि खोटं कशाला सांगू,
शनिवारी, चार-शून्य झालं तेव्हा,
पत्र्याखाली उभी राहून मीही ओरडले,
घरी जा, लेन!
त्याने मागे वळून पाहिलं.
माझा आवाज तो ओळखतो.

आठच्या सुमारास मंबी खाली आला.
हातावर क्लबचं ते निळं जॅकेट,
अजून कोमट.
म्हणजे अंगावरूनच काढून दिलं होतं.
मंबी म्हणाला, अक्षरं उसवायला किती वेळ?
म्हटलं, दहा मिनिटं. भोकं राहतील.
तो म्हणाला, एल राहू दे,
एक लेस्टर म्हणून आहे, होय म्हणाला तर दोरा वाचेल.

तो गेल्यावर मी खिसे तपासले.
सवय आहे, एकदा शिट्टी धुतली होती.
दोन पेट्रोलच्या पावत्या, पेपरमिंट,
आणि येत्या शनिवारचा संघ, पेन्सिलने.
नवव्या नावावर काट मारलेली,
मग तेच नाव शेजारी पुन्हा लिहिलेलं,
मग पुन्हा काट, या वेळी कागद फाटेल इतक्या जोरात.
त्या जागी गोदामातला कोणी नवा पोरगा,
त्याचं नाव मला माहीतही नाही.

वर खुर्च्या अजून सरकत होत्या.
जिना अठरा पायऱ्यांचा, माझे गुडघे तेवढे आहेत.
कागद मी ओट्यावर कोरड्या जागी ठेवला,
त्यावर साबणाचा डबा.
सुई घेतली, ओ च्या पोटात घातली.
मग तशीच बसले.
मशीन भरत आलं होतं.