दुसऱ्या भागातली नदी

टाम्पेरेला नोव्हेंबरात दिवस उजाडतो तो
माफी मागितल्यासारखा, आणि तीनला परत जातो.
त्या वर्षी आमचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.
जुन्या कापडगिरणीचा चौथा मजला,
एकेचाळीस माणसं, कॉफीची तीन यंत्रं,
आणि भिंतीवर सांप्साने खडूने लिहिलेला आकडा:
उरलेले दिवस.

पहिला खेळ सहा जणांनी केला होता. एकच बेट.
लोकांनी तो इतक्या मायेनं खेळला
की आम्हाला वाटलं, बेट जमलं, म्हणजे खंडही जमेल.
दुसऱ्या भागात बारा शहरं, चार ऋतू,
माणसागणिक आठवण (आज पाव चोराल
तर बेकरीवाल्याची मुलगी तीन वर्षांनी ओळखेल)
आणि एक नदी, उगमापासून मुखापर्यंत सलग.

नदी माझ्याकडे होती.

तिला मी उतार दिला, गाळ दिला,
काठाकडून मध्याकडे गोठत जाणं दिलं.
पाणी दगडाला कसं वळसा घालतं ते बघायला
दर रविवारी पुलावर उभी राहिले, नाक लाल होईस्तोवर.
आणि एका धक्क्यावर एक बाई ठेवली.
तिचं काम साधं. प्रवासी आला की म्हणायचं,
"थांब जरा. होडी येतेय."
मग होडी यायची, मग सातवं शहर.

आवाज तुओवी राउटिओचा.
सत्तरीची, गावोगावच्या नाटकांत मुरलेली, एक कान जड.
पहिल्याच दिवशी म्हणाली, "होडीत कोण आहे?"
म्हटलं, अजून ठरायचंय.
"मग मी वाट कुणाची बघतेय?
नवऱ्याची वेगळी बघतात, टपालाची वेगळी."
घड्याळाकडे बघत मी म्हटलं, मुलीची.
तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं.
काचेपलीकडे येरे रेकॉर्डिंग थांबवायचं विसरला.

ऑगस्टात पैसेवाले आले.
सभ्य माणसं. बूट दाराशी काढले.
म्हणाले, नाताळ हलत नाही.
खरंय. नाताळ हलला नाही.
आधी ऋतू गेले, चाराचे दोन झाले.
मग आठवण: पाव आता खुशाल चोरा.
मग सहावं, सातवं, नववं, अकरावं शहर.
तिथे नकाशावर धुकं घातलं,
धुकं स्वस्त पडतं.
होडी गेली एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी.
यादीत तिच्यापुढे "नंतर" एवढंच होतं.
बाईला काढायचं राहून गेलं.
राहून गेलं म्हणजे,
मी काढलं नाही.

खेळ बाजारात आला. माणसं जमिनीतून आरपार पडली,
घोडे छपरांवर चरले, एका राजाला
ऐन राज्याभिषेकात चेहराच नव्हता, नुसते डोळे आणि दात.
शिव्या आल्या. खाल्ल्या. चुकीच्या नव्हत्या.
फेब्रुवारीत एकोणीस जणांनी टेबलं आवरली,
येरेने जाताना कुंडीतला निवडुंग माझ्याकडे ठेवला.

मार्चात एक कागदी पत्र आलं, केमीहून.
ओस्मो नावाचा, रस्त्यावरचं बर्फ काढणाऱ्या गाडीवरचा माणूस.
रात्रपाळीहून आलो की, लिहितो, धक्क्यावर जाऊन बसतो,
त्या बाईशेजारी. आत्तापर्यंत एकतीस तास झाले.
आधी वाटलं, काहीतरी चुकलंय.
मग वाटलं, हा धीराचा भाग असेल.
घाई नाही. फक्त
आपण कुणाची वाट बघतोय, तेवढं कळवाल का?

पोस्टकार्डावर मी एकच शब्द लिहिला.
होडीबद्दल काही लिहिलं नाही.
पुलावरच्या टपालपेटीपाशी बराच वेळ उभी होते.
खाली कोस्की धावत होती, दोन तळ्यांच्या मधली
एवढीशी नदी. धड उगम नाही, धड मुख नाही,
तरी तिला कुणी अर्धवट म्हणत नाही.

मग कार्ड टाकलं. निवडुंगाला पाणी घालायचं होतं.