पत्र्यातलं भोक

बाबांची पहिली गाडी नऊ हजारांची.
ओर्लेमच्या मिस्किटा अंकलनी चावीबरोबर
एक स्क्रूड्रायव्हरही दिला, म्हणाले,
चावी हरवली तरी चालेल, हा जपा.

स्टँडर्ड हेरल्ड. रंग कुठला असं कुणी विचारलं तर
आई म्हणायची, होता.

मागच्या सीटसमोर, डाव्या बाजूला, पत्रा गंजून
वाटीएवढं भोक पडलेलं.
बाबांनी त्यावर तेलाच्या डब्याचं झाकण बसवलं
आणि मी ते पायानं सरकवायला शिकले.
मुंबई मी तिथून पाहिली:
माहीम कॉजवेचे सांधे,
चेंबूर नाक्यावर चिरडलेला झेंडू,
डांबरात रुतून बसलेलं सोड्याच्या बाटलीचं बूच.
गाडी पळायला लागली की सगळ्याची एकच करडी रेघ,
सिग्नलला पुन्हा एकेक वस्तू.
एकदा चार आणे दिसले.
मी हात घातला, तेवढ्यात सिग्नल सुटला.
आईनं धपाटा घातला,
बाबांना.

सकाळी धक्क्याशिवाय ती निघत नसे.
टिळकनगरात पाळ्या लागलेल्या, कुणी न लावता:
तळमजल्यावरचे खांडेपारकर, इस्त्रीवाला रामसमुझ,
शाळेची घंटा चुकत असतानाही तुळपुळे बाई,
पर्स काखेत मारून, एका हातानं.
इंजिननं घरघर धरली की सगळे हात झटकत उभे,
होडी पाण्यात लोटल्यासारखे.
बाबांना थांबता यायचं नाही, थांबले की बंद.
म्हणून आभार हॉर्ननं.
हॉर्न वाजत नसे त्या दिवसांत
खिडकीतून बाहेर काढलेला एक हात,
वळणापर्यंत हलणारा.

मग फियाट आली, स्टिअरिंगला चिकटलेल्या गियरची.
चोक ओढून बाबा तिच्याशी बोलायचे:
चल गं, चल, आज पगार आहे.
इतक्या हळू आवाजात ते आमच्याशी
कधी बोलल्याचं आठवत नाही.
शनिवार कुर्ल्याला, मुनव्वर मिस्त्रीकडे.
तो बॉनेटवर तळहात ठेवून बराच वेळ उभा राहायचा.
साहेब, हिला काही झालेलं नाही, वय झालंय.
त्याचेही वीस रुपये घ्यायचा.
आईच्या वहीत दूध, वाणी, फी,
आणि पानाच्या तळाशी नुसतं: "ती – १४०. पुन्हा."

मारुती तर तिसऱ्या हातची.
तिच्यातून आम्ही सात जण आक्साला गेलो,
आठवं कलिंगड.
ते मांडीवर कुणी घ्यायचं यावरून
काकू आणि आत्या दोन वर्षं बोलत नव्हत्या.

हेरल्ड वजनावर गेली, हे सांगायचं राहिलंच.
भंगारवाला काटा लावत होता तेव्हा
बाबा आत वाकून काहीतरी उचकटत होते.
झाकण. घरी आणलं.
आईनं ते घासूनपुसून प्रत्येक डब्याला लावून पाहिलं.
कशालाच बसलं नाही.
अजून आहे.

माझी गाडी बटणावर सुरू होते.
रात्री लिफ्ट तिला उचलून कुठल्यातरी थरावर ठेवते,
मला तिचा शेजारी कोण तेही माहीत नाही.

परवा कलानगरच्या सिग्नलला पुढची ओम्नी बंद पडली,
मागे भाजीचे क्रेट, पुढे मिसरूड फुटलेला एकटा पोरगा.
सगळा रस्ता हॉर्न देत होता.
शेजारच्या सीटवर बाबा, वय ब्याऐंशी,
बेल्टचं बटण चाचपायला लागले.
तुम्ही बसा, म्हटलं, आणि उतरले.
पर्स काखेत मारली.
पत्रा तापलेला होता, तळव्याला खवले लागले रंगाचे.
एक रिक्षावाला आला, मग अजून कुणीतरी,
आणि तिनं ती घरघर धरली.
पोरगा थांबला नाही. बरोबरच आहे.
खिडकीतून हात बाहेर आला.

मागे माझी गाडी, दार उघडं राहिलं म्हणून
टिंग टिंग करत बसलेली,
आणि बाबा डॅशबोर्डवर हात ठेवून तिला सांगत होते,
थांब गं जरा,
येतेय ती.