काचपट्टी क्रमांक नऊ

एन्द्रिकिस, तुझं हृदय आज माझ्या टेबलावर आलं.
बरणीवर चिठ्ठी: वय अठ्ठ्याहत्तर, गाव निदा, न्यूमोनिया.
म्हणजे हृदयाचा दोष नव्हता.

कौनासच्या त्या खोलीत मी बावीस वर्षांची होते.
काम एवढंच: दोनशे जूल भरले की ओरडायचं, "भरलं!"
आणि डॉक्टर विर्गिलियुसनी मान हलवली की बटण दाबायचं.
मांडीतून वर सरकवलेली तार,
तिचं टोक नेमकं तिथे, जिथे वरचा कप्पा
खालच्याला निरोप धाडतो.
त्या निरोप्यालाच मारायचं होतं.
तुझा फार बडबड्या. मिनिटाला एकशे नव्वद.

बटण गार होतं.
तू गुंगीतच वीतभर उसळलास,
टोपलीत टाकलेली वाम उसळते तसा.
आत काय झालं ते मी नंतर वाचलं:
टोकापाशी ठिणगी, रक्तात बुडबुडा,
बुडबुडा मिटताना भिंतीला बसलेला तडाखा.
पेशींच्या पडद्यांना भोकं पडली,
कॅल्शियम आत घुसलं,
आणि तंतूंनी ज्या मुठी आवळल्या
त्या पुन्हा उघडल्याच नाहीत.

मग छातीत पेसमेकर, आणि तू घरी.

दर शरदात खाडीवरून पुडकं यायचं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, धुरावलेला मासा.
डॉक्टरांच्या नावे.
अंगठा कुणाचा होता, तुला कुठे माहीत!
मला शेपटीकडचा तुकडा मिळायचा.

आज तुला मेणात बसवलं,
केसाहून पातळ कापलं, रंगवलं.
लाल म्हणजे स्नायू, निळा म्हणजे व्रण.
नऊ नंबरच्या काचेवर
करंगळीच्या नखाएवढा निळा.

तुमच्याकडे वाळूच्या टेकड्या चालायच्या म्हणे,
घरं, चर्च, अख्खी गावं पोटात घेत.
मग लोकांनी ठेंगणे पाइन लावले, ओळीओळीने,
आणि टेकड्या थांबल्या.
खालची गावं खालीच राहिली.

सूक्ष्मदर्शक थोडा सरकवते.
काठावर काही लाल तंतू निळ्यात शिरलेत,
चांगले धडधाकट,
कुठेही न पोचणारे.
बत्तीस वर्षं ते काय करत होते?
वरून निरोप येणार नाही
हे त्यांना कुणी सांगितलं होतं का?

रिपोर्टमध्ये लिहिते: जुना तंतुमय व्रण, नऊ मिलिमीटर.
पुढचा रकाना: कारण.
वीज, असं लिहिते.
मग पेन हातात धरून बसते
आणि उगाच अंगठा चोळत राहते,
मासा सोलल्यावर तेलकट वास जात नाही
तेव्हा चोळतो तसा.

ऑक्टोबर संपत आला.
खाली टपालवाला येऊन गेला.