पुढे ओढलेली बाकी

कारेयार्व तळं तसं उथळच.
होडी उलटली तर उभं राहायचं, एवढंच.
एन्देल दोनदा उभा राहिला,
दुसऱ्या वेळी टोपीसुद्धा भिजली नाही.

मी रोज सकाळी तबकडी सोडते.
पांढरी तबकडी, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ.
दिसेनाशी होते तिथं बोट धरायचं,
ओढायची, मोजायचं, वहीत मांडायचं.
एप्रिलात बर्फ फुटल्यावर सात गाठी.
आज, ऑगस्टच्या नवव्या दिवशी, दोन.
दुसरीसुद्धा मी मन मोठं करून धरली.

मारेट विद्यापीठातून येते, बाटल्या भरते,
सूक्ष्मदर्शकाशी मला बसवते.
वसंतात तिथं काचेच्या डब्या दिसतात, कोरीव, झाकणासकट,
एक तर हुबेहूब आईच्या सुयांच्या डबीसारखी.
मग पाण्यात विरघळलेली वाळू संपते
आणि त्या बुडतात,
सगळ्या एकाच आठवड्यात, कुणाला न सांगता.
त्यांच्यामागून हिरवे येतात. हिरव्यांना पाणपिसवा खातात,
पाणपिसवांना ब्रीम माशांची पिल्लं,
आणि जूनअखेर खाणारं कुणी उरत नाही.
तेव्हा निळसर हिरवं शेवाळ वर येतं,
कापलेल्या गवताच्या चुऱ्यासारखं.
त्याच्या पोटात हवेच्या पिशव्या असतात, मारेट म्हणते.
पाण्यातलं नत्र संपलं तर ते सरळ हवेतून घेतं.
"आणि स्फुरद?"
"स्फुरद हवेत नसतो, हेल्वी.
तो कुणीतरी आणून टाकावा लागतो."

ती बाटलीवर तारीख लिहीत होती.
तिनं वर पाहिलं नाही.

सामुदायिक शेतावर मी एकोणीस वर्षं हिशेबनीस होते.
चार हजार डुकरं.
महिनाअखेर संचालक टेबलाशी येऊन उभा राहायचा,
मी विचारायच्या आधीच म्हणायचा,
शेतांवर पसरलं. लिही.
टाकी काठोकाठ असायची, शेतं गोठलेली,
ट्रॅक्टरला डिझेल महिनाभर आलेलं नसायचं
(तेही माझ्याच वहीत, दुसऱ्या पानावर),
आणि रात्री नळी ओढ्यात सोडलेली असायची.
मी लिहायचे: शेतांवर पसरलं.
सही. शिक्का.
माझं पान नेहमी जुळायचं.

गोठे पाडले त्याला तीस वर्षं होऊन गेली.
तिथं आता बर्च उगवलेत, विजेच्या खांबावर करकोच्यांचं घरटं.
ओढा स्वच्छ आहे, मारेटनं तीनदा तपासलाय.
तरी तळं दर उन्हाळ्यात हिरवं.
ती म्हणते, गाळात आहे.
गाळातल्या लोखंडानं स्फुरद मुठीत धरलाय,
उबदार रात्री तळाशी प्राणवायू संपला
की मूठ सुटते.
वारा ढवळतो. ब्रीम नाकानं उकरतात.
शेवाळ तो पिऊन घेतं, फुगतं, मरतं,
आणि परत गाळात उतरतं.
बाहेर जातं ते फार थोडं.
ती मला आकृती काढून दाखवणार होती,
मी म्हटलं, राहू दे.
याला आम्ही 'मागील पानावरून पुढे' म्हणायचो.

काल माळ्यावरून खोकं काढलं.
एन्देल म्हणाला, चुलीला बरे आहेत ते कागद.
मी वह्या मारेटच्या गाडीत ठेवल्या.
म्हटलं, शेतांचं पान वाचू नकोस.
डिझेलचं वाच.
जे पसरता आलंच नसतं, ते वजा कर.
अंधार पडेपर्यंत ती गाडीतच बसून होती,
आतला दिवा लावून.
माझी सही तिला पानापानावर दिसली असणार.
त्या वेळी माझं अक्षर फार सुरेख होतं.

आज नैर्ऋत्येचा वारा. पाणी मटारच्या सूपासारखं.
तबकडी सोडली, दोरीवर बोट धरलं,
आणि या वेळी मन मोठं केलं नाही.
दीड.