संगाती

जिन्याखालची माझी खोली.
पाटी कानडीत, बाकावरची रांग मराठीत.
निपाणीच्या ह्या दवाखान्यात
आधी तंबाखूचा वास आत येतो,
मग आक्काताई.
खुर्ची पदरानं पुसते, बसत नाही.
"अंगावरनं जातंय," भिंतीला सांगते,
"मागच्यागतच."

मागच्या महिन्यात राखाडी पुडे दोन दिले होते.
एक टेबलावरच ठेवून गेली,
"त्यास्नी काय झालं न्हाई."

तिच्या बुट्टीतला विडीचा कट्टा मी उचलते.
"ह्यातली ओल लागलेली कुठली?"
पंचवीस तोंडं ती न्याहाळते, हुंगते.
"सोडल्याबिगर कसं कळंल?"
तसंच, म्हणते मी.
रस्त्यावरचा माणूस काय घेऊन घरी आला
हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.
एखादा फोड येतो, दुखत नाही, आपोआप सुकतो.
माणूस म्हणतो, गेला.
गेलेला नसतो. रक्तात बिऱ्हाड करतो.
आणि त्याला जिनं दिलं
तिलाही कुणीतरी दिलेलंच असतं.
दोरा एकच.

"ताटातनं? मोरीतनं?
जाऊच्या टॉवेलातनं?"
एकेक दार ठोठावून बघते.
नाही. नाही. सहसा नाही.
उरतं ते तिच्याच घराचं.

कार्ड भरताना मी छापील शब्द वाचते, कानडी : संगाती.
ती पहिल्यांदाच हसते.
"एवढं गोड नाव कुणी दिलं हो त्यास्नी?"

निरोधची पाकिटं मूठभर उचलते,
जर्द्याच्या डब्यात सारते.
"हितं हात घालत न्हाईत ते, शिंका येत्यात."
मग थांबते.
"पण काढायचं त्यांच्यासमोरच की."
होय.
तेवढं मला कुठल्याच पुड्यात बांधून देता येत नाही.

पंधरा दिवसांनी येते. ह्यावेळी बसते.
टेबलावर दोन मोकळे पुडे.
"ताटाशेजारी ठेवलो. म्हणालो,
हे तुमचं, हे माझं.
आधी गोळ्या, मग भाकरी."
"मग?"
"लई वेळ भाकरीकडंच बघत बसले."
बाहेर कुणीतरी कानडीत नंबर पुकारतं.
"आरडले?"
"आरडले की. पाणी मागितले, मग."

रक्त तपासायला येतील का, मी विचारते.
ती बुट्टी काखेत घेते,
उठता उठता म्हणते,
"भाकरी अजून मीच थापतो की."