आणि तुम्ही कुठे जेवता?

सीबीएसजवळच्या लॉजवर खोली नंबर सात,
खाली काउंटरला मॅनेजर कापडणीस.
पतसंस्थेचं ऑडिट, चार दिवसांचं,
म्हणजे तीन रात्री, आणि मी एकटी.
विचारलं, जेवायला चांगलं कुठे मिळेल?
त्यांनी आधी मला नीट पाहिलं,
मग कॉलेज रोडवरचं एक नाव सांगितलं,
जिथे एसी आहे, फॅमिली सेक्शन आहे,
आणि जिथलं पनीर
नांदेडलाही हुबेहूब असंच लागतं.

सकाळी रिक्षावाल्याला विचारलं.
ताई, तिखट चालतं का?
मी म्हणाले, मराठवाड्यातली आहे.
मग प्रश्नच मिटला, तो म्हणाला,
आणि प्रश्न तिथूनच सुरू झाला.
सातपूरला नेतो. नको, मखमलाबाद नाक्याला.
नको, तिथला आचारी सोडून गेला.
बोलता बोलता रिक्षा तीनदा वळली.

रविवार कारंजाच्या मागे एक बोळ,
सहा बाकांचं दुकान, पाटी पुसलेली.
काळ्या मसाल्याचा वास नाकाला न विचारता
थेट घशात.
मिसळ, पापड, वाटीभर दही,
रस्सा पुन्हा, न मागता.
कानाच्या पाळीपर्यंत घाम आला माझ्या
आणि शेजारचा कॉलेजचा पोरगा
आपलं दही मुकाट माझ्याकडे सरकवून
परत मोबाइलमध्ये बुडाला.

गल्ल्यावर पुंजाराम थेटे.
संध्याकाळी कुठे जावं, मी विचारलं.
सगळीकडे चांगलंच आहे, म्हणाले, नाशिक आहे हे.
पंधरा वर्षं ऐकतेय मी हे उत्तर
संचालक मंडळांकडून.
कर्जं सगळी चांगलीच आहेत, मॅडम.
म्हणून प्रश्न बदलला.
आणि तुम्ही कुठे जेवता?

थेटे सुट्टे मोजता मोजता थांबले.
तुळशीची माळ शर्टाच्या आत सारली,
आवाज उतरवून म्हणाले,
चौक मंडई. इकबाल कोकणी.
नाव माझं सांगू नका.

इकबालने पत्र्याचा डबा उपडा करून दिला बसायला.
पाया, सकाळपासून मंद आचेवर,
बोटं एकमेकांना चिकटतील असा.
गर्दी ओसरल्यावर मी पुन्हा तोच प्रश्न.
तो हसला. हे दिवसभर चाखतो मी,
रात्री वासही नको वाटतो.
सिडकोत झुंबरबाई बागूल आहेत, 
बोर्डबिर्ड काही नाही,
दारात चपला मोजा, सातपेक्षा जास्त दिसल्या
तर थोडं फिरून या.

तिसऱ्या रात्री नऊ होत्या. थोडं फिरून आले.
कळण्याची भाकरी, भरीत,
ठेच्यात शेंगदाण्याचे अर्धवट कुटलेले तुकडे.
भिंतीवर खडूने उधारी:
निकम सर १४०, पाटबंधारे २ डबे, 
आणि एक नुसतंच नाव, आकडा नसलेलं.
मी त्या ओळीकडे जरा जास्तच पाहिलं.
तो देईल तेव्हा देईल, बाई म्हणाल्या.

सगळे उठले. मी उठले नाही.
आणि तुम्ही कुठे जेवता, झुंबरबाई?
मी? त्यांनी मागे वळून पाहिलं,
जणू तिथे दुसरी कुणी उभी होती.
मी कसली जेवते.
भांडी झाली की दुधात पोळी कुस्करायची,
ओट्यापाशी, उभ्यानंच.

मलाही तेच द्या, म्हटलं.
वाट्या दोन निघाल्या. साखर चिमूटभर.
बसायचं कुठे हे त्यांना
स्वतःच्याच खोलीत पटकन सुचेना.
बिल विचारलं तर म्हणाल्या, भाकरीचे साठ द्या,
ह्याचं काय बिल असतं का?

प्रवासभत्त्याच्या फॉर्मवर तिसरी रात्र, भोजन: रुपये साठ.
खाली एक रकाना उरला होता, इतर.
त्यात मी निरंक लिहिलं, खोडलं,
पुन्हा निरंकच लिहिलं.

चावी देताना कापडणीस म्हणाले,
मग, कॉलेज रोड आवडला ना?
मी त्यांनाही विचारलं.
त्यांनी काउंटरखाली पायानेच
काहीतरी आत सरकवलं.
स्टीलचा आवाज झाला.